आमच्या घराचं एकच मत

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी ओसरीवर तूर पाखडत बसले होते आणि एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, ओढणीनं तोंड बांधलेलं. सर्व्हे आहे म्हणाली. कुठल्या पक्षाची नाही, अभ्यासासाठी आहे, हे तिनं पहिल्या दमातच सांगून टाकलं, कारण वाटूरपासून इथपर्यंत तिला हाच प्रश्न विचारून लोकांनी हैराण केलं असणार. तिच्याकडे एक जाड कार्ड होतं. त्यावर आडवी रेघ आणि रेघेवर एक ते दहा आकडे. एकाच्या टोकाला लिहिलेलं ‘डावे’, दहाच्या टोकाला ‘उजवे’. राजकारणात तुम्ही स्वतःला या रेघेवर कुठे ठेवाल, एवढंच सांगायचं.

माझे सासरे बाजेवर पडले होते ते उठून बसले. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांनी आधी मुलीला पाणी प्यायला लावलं, मग चष्मा शोधला, मग कार्ड हातात घेऊन ते दूर धरलं. डावं म्हणजे काय आणि उजवं म्हणजे काय, असं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्याच वादात गेलं आहे.

“दहा,” ते म्हणाले. “अकरावा आकडा असंल तर तो लिवा.”

मुलगी हसली. तिनं टॅबवर बोट दाबलं आणि माझ्याकडे न बघताच मामांना विचारलं, “आणि ताईंचं? तेच टाकू का? बाकीच्या घरांत सगळ्यांचं एकच सांगतात.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझं सूप हातातच थांबलं. हा प्रश्न तिनं पंधराएक वर्षांपूर्वी विचारला असता, तर मामांनी उत्तर द्यायला श्वासही घेतला नसता. आणि तिनं तो माझ्या माहेरी विचारला असता, तर माझ्या वडिलांनीही घेतला नसता. मला राग या दुसऱ्या गोष्टीचा जास्त यायचा.

माझं माहेर तीर्थपुरीच्या बाजूला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा लाल बावट्याचे. लोकांच्या घरात कोनाड्यात देव असतात. आमच्या कोनाड्यात घडी घातलेला बावटा असायचा, आणि त्याला हात लावायच्या आधी हात धुवायची आम्हाला सवय होती. शेतमजुरांची मजुरी, रेशनचं धान्य, रोजगार हमीची कामं यासाठी दादा तहसीलसमोर बसले की दिवसचे दिवस बसायचे. आईनं लक्ष्मीचा फोटो धान्याच्या कणगीमागे ठेवला होता. दादांना तो माहीत होता. पण कणगीमागे बघायचं काम त्यांनी कधी काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. माईक हातात धरून बोलायला मला त्यांनीच शिकवलं. मोर्चात मी लहानपणी घोषणा द्यायचे तेव्हा ते लोकांना कोपरानं ढोसून सांगायचे, माझी पोरगी हाय.

मी पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा दादा शाळेच्या वाटेवर माझ्या बरोबर चालत होते. कुठलं बटण दाबायचं ते त्यांनी मला सांगितलं. मी चेष्टेनं म्हटलं, “दुसरंच दाबलं तर?” ते थांबले. रागावले नाहीत, त्यांना ते खरंच कळलं नाही. “असं कसं?” ते म्हणाले, “आपल्या घराचं एकच मत असतंय.” मी तेच बटण दाबलं. मला ते पटतही होतं. पण पटतं की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं.

सोयरीक जमवताना आमच्याकडे शेत बघतात, पाणी बघतात, नातीगोती बघतात. झेंडा बघायचं कोणाला सुचत नाही. मध्यस्थालाही सुचलं नाही. त्यामुळे बैठकीच्या दिवशी भगव्या फेट्यातले मामा आमच्या ओसरीवर टेकले आणि समोरच्या कोनाड्यात त्यांना लाल बावटा दिसला. तिथून जी सुरुवात झाली ती पुरणाच्या पोळ्या गार झाल्या तरी संपेना. देव, धर्म, सरकार, मजूर, मालक, सगळं निघालं. आई आत डोक्याला हात लावून बसली की पोरीचं जमत नाही आता. शेवटी मामा हात धुवायला उठले आणि माझ्या मोठ्या काकांना म्हणाले, “पोरगी करायची. असा इवाई पुन्हा भेटायचा न्हाई.”

तेव्हापासून दोघे व्याही भांडत आले आहेत. दादा आमच्याकडे आले की बरोबर मामांच्या झोपायच्या वेळी विषय काढतात. मामा त्यांना मुद्दाम मारुतीच्या देवळाकडे फिरायला नेतात. दादा देवळात पाऊल टाकत नाहीत, पण व्याह्याचा मान म्हणून दारापर्यंत येतात आणि आतल्या सगळ्यांच्या चपला राखत उभे राहतात. आमच्या गावात त्यांना चपला राखणारे इवाई म्हणूनच ओळखतात, आणि दादांना त्याचं काही वाटत नाही. “चपल्या तर खऱ्या असतेत,” असं ते म्हणतात.

सासरी मतदानाच्या दिवशी काय होतं ते मला पहिल्याच निवडणुकीत कळलं. मामा पुढे, मागे सासूबाई, माझा नवरा, मी. शाळेच्या फाटकाशी मामा वळले आणि त्यांनी हळूच चिन्ह सांगितलं. मग म्हणाले, “आपल्या घराचं एकच मत असतंय.” शब्दाला शब्द तोच. माहेरी एका टोकाचं, सासरी दुसऱ्या टोकाचं, आणि दोन्हीकडे माझी जागा आधीच ठरलेली. ज्या दोन माणसांचं जगातल्या कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नव्हतं, त्यांचं एवढ्या एका गोष्टीवर झालं होतं. मला त्या दिवशी फाटकाशी उभं राहून जे काही वाटलं ते मी गिळलं. पण पोटात राहिलं.

मग एका वर्षी सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. मामांच्या पॅनलला शिकलेली, बोलता येणारी बाई हवी होती. रात्रीतून माझं नाव ठरलं आणि सकाळी मला कळलं. माझा नवरा वाटूरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवतो; भांडणात तो कायम मधोमध बसतो आणि दोन्हीकडे मान हलवतो. तो म्हणाला, “उभी राहा ना, मामा हायेतच सगळं बघायला.” हेच तर. बाई सरपंच आणि कारभार पुरुषांचा, ही पद्धत आजूबाजूच्या गावांत इतकी मुरलेली की तिला कोणी पद्धतही म्हणत नाही. पण मला उभं राहायचं होतं. माईक हातात धरून किती वर्षं झाली होती!

अर्ज भरला, चिन्ह मिळालं कपबशी. माघारीची तारीख गेल्यावर दोन दिवसांनी नाल्यापलीकडच्या वस्तीवरची एक बाई माझ्या दारात आली. ही पूर्वी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली. आता थोडी शेती, थोडी मजुरी आणि बऱ्याच शेळ्या. ती आत येईना. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, “गायरानाला तार मारून राह्यलेत म्हणं. मंग आमच्या शेळ्या कुठं न्यायच्या?”

गायरान म्हणजे नाल्यापलीकडची गावाची चराऊ जमीन. तिथं कुंपण घालून मोठा मंडप बांधायचा, सप्ताहाला चार गावांची माणसं बसतील एवढा, हे मामांचं फार जुनं स्वप्न. ते काही कुणाचं वाईट करायला निघालेले नव्हते. सप्ताहात माणसं उन्हात बसतात ते त्यांना बघवत नव्हतं. पॅनलच्या पत्रकात पहिलं वचन तेच होतं.

मी म्हटलं, “मामांना विचारते.”

“मामाला इचारायचं असतं तर मी मामाकडंच गेले असते,” ती म्हणाली. “मी तुला इचारायला आल्ते.”

आणि ती गेली. मी त्या उंबऱ्याकडे बघत उभी राहिले. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं होतं की तुझं म्हणणं काय. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, याचं मला नवल वाटलं. मला मंडप हवा होता, मला सप्ताह आवडतो, टाळ वाजायला लागले की माझा पाय घरात ठरत नाही. पण गायरान ज्यांचं पोट आहे त्यांच्या तोंडावर तार मारून नको. हे मला दादांनी सांगितलेलं नव्हतं आणि मामांनी तर नाहीच.

दोन दिवसांनी शाळेच्या पटांगणात पॅनलची सभा झाली. मी पुढे खुर्चीवर, डोक्यावर पदर, मागे सगळी पुरुषमंडळी. आमच्याकडे बाई उमेदवाराला प्रश्न विचारला की मागचा माणूस उठून उत्तर देतो. ते इतकं ठरलेलं की प्रश्न विचारणाराही मागेच बघतो. गर्दीतून कोणीतरी विचारलं, गायरानाचं काय? मामा माझ्या मागून उठले. माईक माझ्या हातात होता. त्यांनी हात पुढे केला.

मी माईक दिला नाही.

“गायरान जनावरांचं आहे, तिथं तार लागणार नाही,” मी म्हणाले. “मंडप होईल. जुन्या शाळेची जागा मोकळी पडली आहे, तिथं होईल. लहान होईल, पण होईल.” माझा आवाज पटांगणाच्या शेवटापर्यंत गेला असणार, कारण तिकडून टाळी आली ती बायकांची. मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते खाली बसले.

पॅनलमधली माणसं भडकली. माघारीची तारीख गेली होती, नाहीतर त्यांनी मला तिथूनच घरी पाठवलं असतं. इवायानं शिकवून धाडली म्हणत होते. मामा सरळ घरी निघाले. घरी येऊन जेवले, ताट सरकवलं आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाई भांडी आवरता आवरता माझ्या कानाशी म्हणाल्या, “मला बी माईक धरता यायला पाह्यजे होता.” एवढंच बोलून त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

मी दादांना फोन लावला. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. दादांना बातमी आधीच लागली होती. “बोललीस ते बिलकुल बराबर,” ते म्हणाले, “पण पहिले मला इचारायचं ना. मी चांगले मुद्दे काढून दिले असते. आन् मंडपाला हो कशाला म्हणलीस?” माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हणाले, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी आहात, आणि फोन ठेवला. वडिलांचा फोन असा मधेच ठेवायची माझी ती पहिली वेळ.

प्रचाराचा नारळ दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीसमोर फुटायचा होता. नारळ घरातल्या कर्त्या माणसानं फोडायचा. बाई नारळ फोडत नाही, हे आमच्याकडे घरातही पाळतात. घरात पुरुष नसला तर शेजाऱ्याला हाक मारतात. मामा पहाटेच आंघोळ करून बाहेर पडले होते, कुठे ते सांगून गेले नव्हते. माझ्या नवऱ्यानं न सांगता नारळ पिशवीत घालून ठेवला होता, मामा आले नाहीत तर आपण फोडू म्हणून. मधोमध बसणाऱ्या माणसानं तेवढं केलं, हे मी विसरणार नाही.

देवळाजवळ माणसं कमीच होती. पॅनलमधले निम्मे आलेच नाहीत. पण चपलांच्या ढिगाशी दादा उभे होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि कोणाची तरी उलटी पडलेली चप्पल सरळ केली. कालच्या फोनबद्दल तेवढीच भरपाई. मला ती पुरली.

मग मामा आले. फेटा बांधलेला, हातात स्वतःचा नारळ. ते गाभाऱ्यासमोर उभे राहिले आणि जमलेल्यांकडे वळून बोलले. ते बोलले ते मला शब्दाला शब्द पाठ आहे.

“मंडप गायरानातच व्हावा, हे माझं मत हाय आन् ते मी सोडणार न्हाई. ही निवडून आली तर ग्रामसभेत हिच्याशी भांडीन. माझं मत हिला, गायरानाच्या बोलण्याला न्हाई. पण उभी ही हाय. बोलली बी ही. मंग नारळ मी का म्हणून फोडावा?”

आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

पुजारी म्हणाला, “मामा, बाईमाणूस नारळ फोडत न्हाई.”

“सरपंच फोडतो का न्हाई?” मामा म्हणाले. पुजारी बाजूला सरला.

मी नारळ दगडावर मारला. तो नुसता टणकन वाजला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. लोक हसायला लागले, माझे कान तापले. तेवढ्यात बाहेरून, चपलांच्या ढिगातून, दादा ओरडले, “आडवा धर! शिरंवर मार, शिरंवर!” जन्मभर देवळाबाहेर राहिलेल्या माणसाला नारळाची एवढी माहिती कुठून, देव जाणे. मी आडवा धरला, शिरेवर मारला. नारळ फुटला आणि पाणी माझ्या पायावर, मामांच्या धोतरावर उडालं. मामा मोठ्यानं हसले आणि दाराकडे बघून ओरडले, “इवाई, आत येऊन सांगायचं व्हतं ना!”

“मी हितंच बरा,” दादा म्हणाले. “चपल्या कोण बघील?”

मी निवडून आले. काठावर, पण आले. मामांनी शब्द पाळला आणि ग्रामसभेत माझ्याशी भांडले. मी खुर्चीत, ते समोर सतरंजीवर पहिल्या रांगेत. गायरान मोकळं ठेवायचा ठराव मी मांडला तेव्हा विरोधात वर गेलेला सगळ्यात पहिला हात माझ्या सासऱ्यांचा होता. ठराव मंजूर झाला. नाल्यापलीकडची ती बाई मागे उभी होती. ती माझ्याकडे बघून हसलीही नाही. शेळ्या सोडायची वेळ झाली होती, म्हणून निघून गेली. मंडप जुन्या शाळेच्या जागेवर झाला. दर सप्ताहात मामा तिथं बसून आल्यागेल्याला सांगतात की हा अपुरा आहे, आणि अपुरा का आहे तेही सांगतात. सुनेमुळे! हे सांगताना त्यांचा आवाज कसा होतो ते तुम्ही ऐकायला हवं. पोराला नोकरी लागली हे सांगताना माणसाचा होतो तसा.

त्यानंतरच्या मतदानाला शाळेच्या फाटकाशी मामा थांबले. सवयीनं मागे वळले, तोंड उघडलं, आणि मग म्हणाले, “ऊन लई हाय, जल्दी आटपा.” सासूबाई माझ्याकडे बघून पदरात हसल्या. त्या दिवशी आम्ही चौघांनी काय काय दाबलं, ते आजपर्यंत कोणी कोणाला विचारलेलं नाही.

तर ती सर्व्हेवाली मुलगी टॅबवर बोट धरून थांबली होती. ताईंचं पण दहाच टाकू का?

“तिचं तिला इचारा,” मामा म्हणाले. “आमचं दोघांचं जमत न्हाई.”

मुलीनं कार्ड माझ्याकडे केलं. मी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि तीनवर बोट ठेवलं. मामा वाकून बघत होते.

“तीन?” ते म्हणाले. “इवायाला फोन लाव. म्हणावं, पोरगी तुमच्या एकावर बी न्हाई बसली आन् माझ्या दहावर बी न्हाई.” मग ते मुलीकडे वळले. तिनं बहुतेक आकडे पुन्हा तपासायला घेतले होते, कारण तिच्या भुवया वर गेल्या होत्या. मामांनी टॅबवर बोट टेकवलं.

“नीट लिवा, बाई. एका घरातून दोन आकडे. वरच्या सायबानं इचारलं तर सांगा, चुकून न्हाई झालं. बराबर हाय.”